विशाखेसारखी म्हणजे कशी?

आपल्या समाजात एखादी वयोवृद्ध उपासिका निवर्तली की तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात कोणीतरी वक्ता हमखास म्हणतो की ही माउली विशाखेसारखी होती. ऐकणारे माना डोलावतात. जिच्याविषयी हे बोलले जाते तिने पोटाला चिमटा घेऊन मुले शिकविलेली असतात. शाळेत मास्तरीण असेल तर नोकरी सांभाळून वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी ओट्यावर बसवून बाराखडी घोटून घेतलेली असते. वर्षावासात भोजनदानाची पाळी तिने कधी चुकविलेली नसते, आणि वैशाखी पौर्णिमेच्या खिरीचे पातेले तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाती जात नसते. ती गेली की विहारातील एक कोपरा रिकामा होतो. अशा मातांना विशाखेची उपमा द्यावी यात गैर काहीच नाही. परंतु उपमा द्यायची तर जिची द्यायची तिचे चरित्र ठाऊक असले पाहिजे. विशाखेचे नाव सर्वांच्या तोंडी असते. तिची माहिती मात्र 'तिने विहार बांधून दिला आणि पुष्कळ दान केले' एवढ्यावरच संपते. म्हणून या लेखात आम्ही तिच्या चरित्राचा थोडा बारकाईने अभ्यास करणार आहोत.

अभ्यासाला लागण्यापूर्वी साधनांविषयी दोन शब्द. विशाखेची माहिती दोन थरांत मिळते. एक थर प्रत्यक्ष त्रिपिटकाचा. विनयपिटकात, उदानात आणि अंगुत्तर निकायात ती ठिकठिकाणी भेटते. दुसरा थर अट्ठकथांचा, म्हणजे पुढे अनेक शतकांनी सिंहलद्वीपात तयार झालेल्या टीकांचा. तिचे बालपण, लग्न, सासरचा कलह, नऊ कोटींचा दागिना हे सारे प्रामुख्याने धम्मपद-अट्ठकथेतून आलेले आहे. अट्ठकथाकारांना मोठ्या आकड्यांची हौस होती. पाचशे मैत्रिणी, पाचशे रथ, दहा मुलगे आणि दहा मुली, एकशे वीस वर्षांचे आयुष्य हे आकडे श्रद्धेने सांगितलेले आहेत, मोजून नव्हे, असे आमचे मत आहे. परंतु आकडे बाजूला ठेवले तरी त्या कथांमधील बाई खरी वाटते, आणि विनयपिटकातील बाईशी तिचा स्वभाव तंतोतंत जुळतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात राजा बिंबिसार, अनाथपिंडिक, जीवक आणि आम्रपाली यांच्या पंक्तीला विशाखेला बसविले आहे.

सासर आणि दहा उपदेश

विशाखेचा जन्म अंग देशातील भद्दिय नगरात झाला. हा प्रदेश आजच्या बिहारमध्ये येतो. तिचे आजोबा मेंडक श्रेष्ठी, पिता धनंजय, माता सुमना. ती सात वर्षांची असताना भगवान बुद्ध भद्दियला आले आणि आजोबांनी नातीला त्यांच्या दर्शनाला पाठविले. धम्माशी तिची ओळख झाली ती अशी लहान वयात. पुढे कोसलराज प्रसेनजिताच्या विनंतीवरून धनंजय कोसल देशात राहायला गेला आणि श्रावस्तीपासून सात योजनांवर साकेत येथे त्याने वस्ती केली. तेथून श्रावस्तीच्या मिगार श्रेष्ठीच्या मुलाशी, पुण्णवड्ढनाशी, तिचे लग्न झाले.

सासरी पाठविताना पित्याने लेकीला दहा उपदेश केले. आतला विस्तव बाहेर नेऊ नये, बाहेरचा विस्तव आत आणू नये, देणाऱ्याला द्यावे, न देणाऱ्याला देऊ नये, देणाऱ्याला आणि न देणाऱ्यालाही द्यावे, असे ते कोड्यासारखे उपदेश आहेत. विस्तव म्हणजे निंदानालस्ती. घरातील उणीदुणी बाहेर सांगू नयेत आणि बाहेरची कुचाळकी घरात आणू नये. उसने नेऊन परत करणाऱ्याला द्यावे, बुडविणाऱ्याला देऊ नये. गरीब नातेवाईक मात्र परत करो वा न करो, त्याला द्यावेच. यापुढील उपदेश सुखाने बसणे, जेवणे आणि निजणे, अग्नीची सेवा करणे आणि घरच्या देवतांना मान देणे यांविषयी आहेत. वडीलधाऱ्यांचा मान राखूनच हे सारे करावे, असा त्यांचा अर्थ.

हे दहा उपदेश आपल्याकडे लग्नात मोठ्या हौसेने सांगितले जातात. विशेषतः पहिला. मुलीने घरातील गोष्ट बाहेर सांगू नये, हे ऐकायला सासरच्या मंडळींना गोड लागते. परंतु कथेचा पुढचा भाग सांगायला वक्ते विसरतात. धनंजयाने उपदेश केले त्याच वेळी आठ जाणते गृहस्थ लेकीबरोबर श्रावस्तीला पाठविले. माझ्या मुलीवर कोणताही आरोप आला तर त्याची चौकशी तुम्ही आठ जणांनी करावी, असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले. म्हणजे सोशिकपणाचा उपदेश एका हाती आणि न्यायाची सोय दुसऱ्या हाती. आम्ही आमच्या मुलींना दहा उपदेश देतो आणि आठ गृहस्थ द्यायचे विसरतो. मग एखादी पोर भाजून किंवा विहिरीत सापडते, आणि ती फार गुणी होती, कधी काही बोलली नाही, असे आम्हीच सांगत बसतो. धनंजयाला हे मान्य झाले नसते.

त्या आठ जणांची गरज लवकरच पडली. मिगार हा अचेलक साधूंचा भक्त होता. एके दिवशी तो सोन्याच्या पात्रात खीर खात बसला होता आणि विशाखा वारा घालीत उभी होती. दारात एक भिक्खू भिक्षेसाठी आले. सासऱ्याला दिसावे म्हणून ती बाजूला सरली. त्याने पाहूनही न पाहिल्यासारखे केले. तेव्हा विशाखेने भिक्खूंना पुढे जाण्यास विनविले आणि आपले सासरे शिळे खात आहेत, असे म्हणाली. मिगार संतापला. खीर उचला आणि हिला घराबाहेर काढा, असा त्याने हुकूम सोडला.

येथे विशाखेने जे केले ते लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. ती रडली नाही, पाया पडली नाही, रागाने निघूनही गेली नाही. नदीच्या घाटावरून उचलून आणलेली दासी मी नव्हे, असे तिने सासऱ्याला सुनावले. ज्यांचे आईबाप जिवंत आहेत अशा मुली अशा निघून जात नसतात, तेव्हा आठ गृहस्थांना बोलवा, अशी तिने मागणी केली. चौकशी झाली. शिळे खाणे म्हणजे काय, हे तिने सांगितले: सासरे जुन्या पुण्याईवर जगत आहेत, नवे काही करीत नाहीत. दुसरा आरोप होता की ती रात्री दासींना घेऊन घराबाहेर गेली. त्या रात्री घरची घोडी व्याली होती. मशाली घेऊन ती तबेल्यात गेली आणि घोडीला गरम पाण्याने अंघोळ घालून तेल लावून घेतले, एवढाच तो गुन्हा! दहा उपदेशांतही काही काळेबेरे असेल असा सासऱ्याला संशय होता; त्यांचाही अर्थ तिने उलगडून सांगितला. आठ जणांनी तिला निर्दोष ठरविले. त्यानंतर मात्र ती म्हणाली की आता मी जाते. हाकलली म्हणून ती जाणार नव्हती. निर्दोष ठरल्यावर स्वतःच्या इच्छेने जायला निघाली. सासऱ्याने क्षमा मागितली. राहण्यासाठी तिने एकच अट घातली, भिक्खुसंघाची सेवा करू देण्याची.

बुद्ध घरी आले. मिगार पडद्याआड बसून ऐकत होता. देशना संपली तेव्हा तो पडदा सारून बाहेर आला आणि सुनेला म्हणाला की आजपासून तू माझी माता. तेव्हापासून विशाखेला मिगारमाता हे नाव पडले आणि त्रिपिटकात ती याच नावाने ओळखली जाते. जिची लेकरेनातवंडे भरपूर होती तिला नाव मिळाले ते मात्र सासऱ्याची आई म्हणून. ज्याने घराबाहेर काढले त्यालाच तिने शिकविले, आणि ज्याला शिकविले त्याची ती आई झाली. आमच्या मते तिचे मातृत्व आणि तिचे शिक्षिकापण यांच्यामध्ये रेघ ओढणे म्हणूनच कठीण आहे.

ओली वस्त्रे

तिच्या खऱ्याखुऱ्या मातृत्वाचा एक प्रसंग उदानात आहे. तिचे लाडके नातवंड वारले. अट्ठकथा सांगते की ती नात होती. भर दुपारी ओल्या केसांनी आणि ओल्या वस्त्रांनी विशाखा बुद्धांकडे आली. अंत्यसंस्कारानंतरची अंघोळ करून ती तशीच आली होती. अशा अवेळी का, असे बुद्धांनी विचारले. तिने सांगितले. मग त्यांनी विचारले, की श्रावस्तीत जितकी माणसे आहेत तितकी मुले-नातवंडे तुला आवडतील काय? हो, ती म्हणाली. श्रावस्तीत रोज किती माणसे मरतात? कधी दहा, कधी नऊ, कधी एक. पण एकही मेले नाही असा दिवस जात नाही. तर मग तुझी वस्त्रे आणि केस कधीतरी कोरडे राहतील काय, असा भगवंतांचा प्रश्न होता. विशाखेला उमगले.

हा संवाद दुःखी मातेला सांगताना जपून सांगावा, असे आम्हांला वाटते. कोणाचे लेकरू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी तिला अनित्यतेचा पाठ देणारे पंडित आपल्यात थोडे नाहीत. येथे बुद्धांनी आधी विचारले आहे, तिचे ऐकून घेतले आहे, आणि उत्तरे तिच्याच तोंडून काढली आहेत. रडू नको, असे ते एकदाही म्हणालेले नाहीत.

जिच्या शब्दावर विश्वास ठेवावा अशी

विशाखेला उत्तम दायिका म्हणून बुद्धांनी गौरविले, हे अंगुत्तर निकायात आहे आणि ते सर्वांना माहीत असते. परंतु विनयपिटकात तिचे आणखी एक रूप दिसते व आमच्या मते तेच अधिक मोलाचे आहे.

उदायी नावाचे एक भिक्खू एका घरी एका तरुण स्त्रीबरोबर आडोशाला एकटे बसले होते. त्या घरी विशाखेला आमंत्रण होते. तिची मुले-नातवंडे निरोगी असल्यामुळे तिला शुभ मानून लोक सणासमारंभात पहिला घास तिला देत असत. तिने हे पाहिले आणि उदायींना तोंडावर सांगितले, की भन्ते, तुमच्या मनात काही नसले तरी हे योग्य नव्हे, लोकांना हे पटवून देणे कठीण आहे. उदायींनी मानले नाही. तिने मग ती गोष्ट इतर भिक्खूंना सांगितली आणि ती भगवंतांपर्यंत गेली. भगवंतांनी तिला 'तू उपासिका, तू दान दे, संघाच्या कारभारात पडू नको' असे सांगितले काय? नाही. त्यांनी नियम केला. ज्या उपासिकेच्या शब्दावर विश्वास ठेवावा अशी उपासिका एखाद्या भिक्खूविषयी असे सांगेल, तर त्याची चौकशी व्हावी आणि त्यात तिचे म्हणणे धरले जावे. पाली शब्द आहे 'सद्धेय्यवचसा', म्हणजे विश्वसनीय वचनाची. भिक्खूंच्या 227 नियमांमधील दोन अनियत नियमांचे मूळ येथे आहे. दर पंधरा दिवसांनी उपोसथाला जेथे जेथे पातिमोक्ख म्हटले जाते, तेथे तेथे विश्वसनीय उपासिकेचा हा उल्लेख आजही होतो. आमच्या माहितीप्रमाणे एवढा मान त्या काळी कोणत्याही गृहिणीला दुसऱ्या कोणी दिला नव्हता.

दुसरी घटना महावग्गात आहे. श्रावस्तीच्या भिक्खूंनी आपसांत ठराव केला होता की वर्षावासात कोणालाही प्रव्रज्या द्यायची नाही. विशाखेचा नातू प्रव्रज्या मागायला गेला. वर्षावास संपू दे, मग ये, असे त्याला सांगण्यात आले. वर्षावास संपला आणि भिक्खूंनी त्याला बोलावले, तेव्हा त्याने आता माझे मन नाही, असे सांगितले. विशाखेला हे लागले. धम्माचे आचरण अमुक वेळी करायचे नाही अशी वेळ तरी कोणती, अशी तिने तक्रार केली. तक्रार बुद्धांच्या कानी गेली आणि त्यांनी असा ठराव करू नये असा निर्णय दिला. संघाने एकमताने केलेला ठराव एका आजीच्या एका प्रश्नाने रद्द झाला!

आता आपल्या विहारांकडे पाहू. विहाराची झाडलोट कोण करते? महिला मंडळ. वर्षावासात ग्रंथवाचनाला कोण बसते? बहुतेक महिलाच. कार्यकारिणीच्या यादीत त्यांचे नाव कोठे असते? असलेच तर सदस्य म्हणून खालच्या ओळीत, आणि त्याही सभेत चहा झाला का हे पाहायला उठतात. ठराव झाल्यावर तो त्यांना कळविला जातो. बुद्धांनी स्त्रियांना हीन लेखले, या आक्षेपाला बाबासाहेबांनी 1951 साली 'महाबोधि' मासिकात लेख लिहून सडेतोड उत्तर दिले. तो लेख आपण व्याख्यानात अभिमानाने सांगतो. त्याच व्याख्यानाच्या मंचावर एकही बाई नसते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. एखाद्या मातेला मरणोत्तर विशाखा म्हणायचे, पण ती जिवंत असताना तिचे म्हणणे इतिवृत्तात लिहायचे नाही, याला आम्ही कृतज्ञता म्हणू शकत नाही.

आठ वर

विशाखेचे सेवाकार्य कसे होते ते समजण्यासाठी महावग्गातील आठ वरांची कथा वाचावी. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात हीच कथा घेतली आहे.

एकदा तिने बुद्धांना संघासह भोजनाचे आमंत्रण दिले. रात्रीपासून धो धो पाऊस लागला होता. भोजन तयार आहे हे सांगायला तिने दासीला विहारात पाठविले. दासीने पाहिले तर सारे भिक्खू वस्त्रे काढून पावसात अंघोळ करीत आहेत. तिला वाटले हे भिक्खू नव्हेत, आजीवक आहेत. ती परत आली आणि विहारात भिक्खू नाहीत, असे तिने सांगितले. विशाखेने ओळखले. भोजन झाल्यावर ती एका बाजूला बसली आणि तिने आठ वर मागितले. तथागत वर देण्याच्या पलीकडे गेलेले असतात, असे बुद्ध म्हणाले. तिने उत्तर दिले की मी जे मागते ते योग्य आणि निर्दोष आहे. मग तिने मागितले काय? आयुष्यभर संघाला पावसात नेसायची वस्त्रे देण्याची परवानगी, बाहेरून येणाऱ्या भिक्खूला भोजन, बाहेर जाणाऱ्याला भोजन, आजाऱ्याला भोजन, आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याला भोजन, आजाऱ्याला औषध, रोजची पेज, आणि भिक्खुणींना अंघोळीची वस्त्रे. वर मागणारी बाई देण्याचेच वर मागते, याचे कौतुक सगळे करतात. आम्हांला अधिक कौतुक वाटते ते कारणांचे, कारण बुद्धांनी विचारताच तिने एकेकाचे कारण सांगितले आहे.

बाहेरून आलेल्या भिक्खूला गावातील गल्ल्या माहीत नसतात, भिक्षा कोठे मिळते ते ठाऊक नसते, तो थकलेला असतो. पहिल्या दिवशी तो माझ्याकडे जेवेल आणि गाव ओळखीचे झाले की स्वतः हिंडेल. जाणारा भिक्खू भिक्षा मागत बसला तर तांडा निघून जातो, किंवा मुक्कामाला पोचायला रात्र होते. आजाऱ्याला योग्य अन्न व औषध मिळाले नाही तर आजार वाढतो, प्राणही जातो. शुश्रूषा करणारा स्वतःच्या भिक्षेसाठी हिंडत राहिला तर आजाऱ्याचे अन्न उन्ह कलल्यावर येते आणि दुपारनंतर भिक्खूला जेवता येत नसल्याने आजारी उपाशी राहतो. म्हणून जो सेवा करतो त्याचेही ताट आधी वाढले पाहिजे. हा शेवटचा विचार पाहावा. दवाखान्यात रुग्णाला फळे घेऊन जाणारे पुष्कळ असतात. पायथ्याशी रात्रभर जागणाऱ्या त्याच्या बायकोने काही खाल्ले का, हे विचारणारा विरळा. आपल्या महाराष्ट्रात 1897 सालच्या प्लेगात सावित्रीबाई फुले पुण्याबाहेर यशवंतरावांच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करीत राहिल्या आणि त्याच साथीने 10 मार्च रोजी गेल्या. सेवा करणाऱ्याकडे कोणी पाहायचे, हा प्रश्न विशाखेने त्यांच्या कितीतरी शतके आधी मांडून ठेवला होता.

आठव्या वराचे कारण तर केवळ एक स्त्रीच सांगू शकली असती. भिक्खुणी अचिरवती नदीवर, म्हणजे आजच्या राप्तीवर, गणिकांच्या घाटावरच विवस्त्र अंघोळ करीत. गणिका त्यांना हिणवत, की तरुणपणी कशाला ब्रह्मचर्य, आता उपभोग घ्या आणि म्हातारपणी ब्रह्मचर्य पाळा म्हणजे दोन्ही साधेल. भिक्खुणी खजील होत. नदीवरची ही कुचंबणा विहारातील कोणाही पुरुषाच्या कानी गेली नव्हती, किंवा गेली असली तरी त्यावर उपाय सुचला नव्हता. विशाखेने त्यांना उपदेश केला नाही, वस्त्र दिले.

यातून तिची पद्धत कळते. आधी ती पाहते. कोण कोठे अडते, कशामुळे अडते, त्याला नेमके काय लागते, हे ती जाणून घेते, आणि मग देते. दान करणारे आपण आधी स्वतःला काय द्यायचे आहे ते ठरवितो. त्यामुळे एका विहारात पंधरा घड्याळे आणि चार बुद्धमूर्ती जमतात, पण महिलांसाठी स्वच्छतागृह नसते.

विशाखेने मोठे दान केले नाही असे नव्हे. अट्ठकथेप्रमाणे एकदा ती आपला महालता नावाचा दागिना विहारात विसरली. आनंद स्थविरांनी तो उचलून ठेवला होता. तो परत अंगावर घालण्याऐवजी तिने विकायला काढला. किंमत नऊ कोटी! एवढे देणारा कोणी मिळेना म्हणून तिने स्वतःच ती किंमत भरली आणि त्या धनातून श्रावस्तीच्या पूर्वेला पूर्वाराम उभा केला. जमीन, बांधकाम आणि अर्पण-उत्सव मिळून सत्तावीस कोटी, खाली पाचशे आणि वर पाचशे खोल्या, नऊ महिन्यांत काम पुरे. देखरेख मोग्गल्लान स्थविरांची. आकड्यांविषयी आम्ही वर सांगितलेच आहे. परंतु मिगारमातेचा प्रासाद हा त्रिपिटकात ठिकठिकाणी उल्लेखिलेला आहे, आणि त्याची खरी थोरवी तेथे काय बोलले गेले यात आहे. दीघ निकायातील अग्गञ्ञ सुत्त येथेच सांगितले गेले. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांना बुद्धांनी येथे समजाविले, की जन्माने कोणी श्रेष्ठ ठरत नाही आणि वर्ण हे माणसांच्या व्यवहारातून निर्माण झालेले आहेत. आपल्या चळवळीच्या दृष्टीने ज्या उपदेशाला एवढे मोल आहे, तो एका बाईने बांधलेल्या आणि तिच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत झाला, हे आपल्या मुलींना सांगितले पाहिजे.

त्याच बाईची चुल्लवग्गात आणखी एक नोंद आहे. ती एकदा भगवंतांकडे पाण्याचा घडा, पाय घासण्याची वस्तू आणि केरसुणी घेऊन गेली. भगवंतांनी घडा आणि केरसुणी स्वीकारली. पाय घासण्याची ती वस्तू नको म्हणाले. त्याऐवजी साधे दगड वापरण्यास परवानगी दिली. कोट्यवधींचा प्रासाद देणारी बाई केरसुणी घेऊन येते, आणि बुद्ध ती स्वीकारतात. या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर देणगीदारांची यादी असेलच. रकमेप्रमाणे नावे वर-खाली लावण्याची आपली पद्धत आहे. केरसुणीला त्या यादीत कोणत्या ओळीत बसवायचे, हे संपादक मंडळाने ठरवावे!

पूर्वारामाच्या अर्पणाच्या वेळची एक छोटी कथा अट्ठकथेत आहे. विशाखेची एक मैत्रीण हजार मोलाचे एक वस्त्र घेऊन आली. प्रासादात कोठेतरी अंथरावे अशी तिची इच्छा होती. सारा प्रासाद हिंडली; जेथे तेथे आधीच त्याहून भारी वस्त्रे अंथरलेली. आपल्याला जागा उरली नाही म्हणून ती एका बाजूला रडत उभी राहिली. आनंद स्थविरांनी तिला पाहिले आणि सांगितले, की जिन्याच्या पायथ्याशी पाय पुसण्यासाठी अंथर. पाय धुऊन आत येणारा प्रत्येक भिक्खू पहिल्यांदा त्यावरच पाय ठेवील. ती जागा विशाखेच्या नजरेतून सुटली होती, असे कथा स्वच्छ सांगते.

राहता राहिला एक प्रश्न. एवढे सारे करून विशाखेला स्वतःला काय मिळणार होते? आठ वर मागितले तेव्हा बुद्धांनी तिला हेही विचारले होते. तिचे उत्तर असे आहे. वर्षावास संपला की दिशादिशांतून भिक्खू श्रावस्तीला येतील. अमुक भिक्खू वारले, त्यांची गती काय झाली, असे ते भगवंतांना विचारतील, आणि ते भिक्खू मार्गावर किती पुढे गेले होते हे भगवान सांगतील. तेव्हा मी त्या आलेल्या भिक्खूंकडे जाऊन एवढेच विचारीन, की भन्ते, ते कधी श्रावस्तीला आले होते काय? ते हो म्हणाले, की मी मनाशी जाणेन: पावसातले वस्त्र असेल, आल्या दिवशीचे जेवण असेल, निघतानाची शिदोरी असेल, आजारपणातले औषध असेल, नाहीतर सकाळची पेज असेल, माझ्या घरचे काहीतरी त्यांच्या उपयोगी पडले होते. ते आठवले की मला आनंद होईल, आनंदातून चित्त शांत होईल, आणि शांत चित्ताला धम्माची वाट सोपी होईल. बुद्धांनी साधु, साधु म्हटले आणि आठही वर दिले.